अर्धं बोलावणं

मेंढ्या डोंगरावरून उतरून ज्याच्या त्याच्या गोठ्यात गेल्या होत्या. मी आणि माझी थोरली बहीण स्वावाताई तिच्या स्वयंपाकघरात मेंढीच्या पोटाच्या पिशव्या शिवत बसलो होतो. त्यात रक्त आणि राय नावाच्या धान्याचं पीठ भरून उकडलं की हिवाळ्याची सोय होते. तेवढ्यात सिनेमावाले आले.

ताईचं घर खाडीच्या अगदी टोकाला, माझं वळणापलीकडे. मधे धुकं. तिचा नवरा आणि दोन्ही दीर एकाच होडीतून मासेमारीला गेले, ते परत आले नाहीत. तेव्हापासून ती त्या घरात एकटी.

दिग्दर्शक कारी दिसायला पोरसवदा, पण दाढी चर्चमधल्या पाद्र्याची. म्हणाला, "आजोबा, एकाकी घर हवंय."

"घरं कसली, इथं डोंगरसुद्धा एकमेकांशी बोलत नाहीत," मी म्हणालो.

तो खूश झाला. आमच्याकडचे सिनेमे मी पाहिलेत. त्यात एक दुःखी माणूस असतो, तो बोलत नाही. एक मेंढी असते, ती त्याच्यापेक्षा जास्त बोलते. शेवटी बर्फ पडतो. या सिनेमात मेंढीऐवजी विधवा होती, एवढाच फरक.

वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी आमच्याकडे घरधनीण दिवा घेऊन सगळ्या खोल्यांतून फिरते आणि म्हणते, "येऊ दे ज्यांना यायचंय, जाऊ दे ज्यांना जायचंय, माझ्या माणसांना धक्का न लावता." तोच प्रसंग कारीला हवा होता. पण नटीचा आवाज राजधानीचा, गुळगुळीत. त्याला तो पटेना. तो ताईकडे वळला.

"आजी, तुम्ही म्हणा ना. फक्त पहिलं वाक्य."

"अर्धंच? आणि तेही शरद ऋतूत? असं म्हणत नाहीत रे बाबा."

"पूर्ण म्हटलं तर प्रेक्षकांना सुटल्यासारखं वाटतं. मला त्यांना घरात अडकवायचंय."

ताई लाजली. किती तरी वर्षांनी कुणी तिच्याकडे काही मागितलं होतं. तिने केस सारखे केले, आणि स्वतःच्या घरात, स्वतःच्या तोंडाने म्हणाली, "येऊ दे ज्यांना यायचंय."

"सुंदर! पुन्हा एकदा, आजी."

ती पुन्हा म्हणाली. मग दारात उभी राहून. मग खिडकीशी. कारी दर वेळी "अजून एकदा" म्हणायचा आणि ताईचा आवाज दर वेळी जास्त गोड व्हायचा.

सिनेमावाले गेले.

पुढच्या आठवड्यात मी कॉफीला गेलो, तर चुलीवरच्या दांडीला ओले हातमोजे वाळत होते. लोकरीचे, प्रत्येकाला दोन दोन अंगठे असलेले. पूर्वीचे कोळी तसले घालायचे. एका बाजूचा तळवा वल्ह्याने झिजला की हातमोजा फिरवून दुसऱ्या बाजूच्या अंगठ्यात अंगठा घालायचा. आता तसे कुणी विणत नाही.

"तू विणलेस?"

"मी कशाला? त्यांचे आहेत," ताई म्हणाली, आणि कॉफी ढवळू लागली.

मी हसलो. मला वाटलं, चला, घराण्यात माझ्यासारखीच आणखी एक थापाडी निघाली.

मग किटली मोठी झाली. चुलीवरची किटली जाऊन गावजेवणाला वापरतात ती सभागृहातली आली. टेबलावरचे कप दुपारभर कोमट राहायचे. घरात समुद्राच्या तळाचा वास यायचा, पण वाईट नव्हे. लहानपणी ताप आला की उशीला यायचा तसा. मला तिथे बसलं की पेंग यायची. खिडकीबाहेर धुकं आणि आत कुणीतरी हळू आवाजात मासळीबद्दल बोलतंय असं वाटायचं.

ताई मात्र वाळत चालली. रात्री खुर्चीत झोपायची.

"पलंग आहे ना?"

"रिकामा कुठाय?"

"माझ्याकडे चल, ताई. बर्फाने घाट बंद होण्याआधी चल."

"पाहुण्यांना टाकून? तुला काही रीतभात आहे का, ओद्दी?"

म्हाताऱ्यांना तपासायला येणाऱ्या नर्सबाई गाडी घेऊन हिवाळ्याआधीच्या शेवटच्या फेरीला आल्या तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. त्या पोट धरून हसल्या. "मागच्या खेपेला तुम्ही देवमाशाच्या पाठीवर बटाटे लावले होते. बरे आले होते का?"

आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो, तर ही किंमत! त्या ताईला शक्तीच्या गोळ्या देऊन गेल्या. त्यांच्यामागे घाट बंद झाला.

ताईचा हात हातात घेतला तर त्याला वजनच नव्हतं. असंच चाललं तर ती वसंत ऋतू पाहणार नाही, हे मला कळलं. मी तिच्यासमोर बाकावर बसलो आणि म्हणालो, "उरलेलं म्हण. तू घरधनीण आहेस. तुझंच ऐकतील."

"कुणाला जायचंच नसेल तर?"

"म्हण तर खरी. माझ्यासाठी."

मग तिने दिवा लावला. दुपार होती, पण उजेड दुधासारखा पातळ. ती खोल्याखोल्यांतून फिरली, दारांना हात लावत. परत आली.

"जाऊ दे ज्यांना जायचंय," ती म्हणाली. "माझ्या माणसांना धक्का न लावता."

दार आपोआप उघडलं.

मी वाट पाहिली. पावलं वाजली नाहीत. वारा हलला नाही. कुणीही गेलं नाही.

ताईने दिवा टेबलावर ठेवला. अंगावरचा एप्रन सोडला, घडी घातली, खुर्चीच्या पाठीवर टाकला. तिचा चेहरा एकदम सैल झाला. दिवसभर वाकून गवत कापलेलं माणूस कंबर सरळ करतं ना, तसा.

"निघते रे," ती म्हणाली.

"कुठे?"

ती उंबरा ओलांडून गेली. पायात मोजे होते फक्त. धुक्यात तिचा राखाडी स्वेटर किनाऱ्याच्या दिशेने उतरताना दिसला, मग दिसेना.

"ताई!" मी ओरडलो आणि उठायला गेलो.

उठता येईना.

बाकावर मी एकटाच होतो. पण दोन्ही बाजूंनी इतकी दाटी झाली होती, की खांदा हलवायलाही जागा नव्हती.

मग साखरेची वाटी टेबलावरून हळूच माझ्याकडे सरकली.