बर्फावर तीन ठोके

फाइल अठ्ठावीस मिनिटांची होती. तिच्यात बर्फाला तडा जाण्याचे आवाज सतरा, हंसांचे चार, आणि माणूस एक.

माणूस मराठी होता.

आइसलँडमधल्या तळ्यांचे आवाज वेस्ट विंडसरच्या आमच्या छोट्या लॅबमध्ये येतात आणि मी ते मोजते. गोठलेल्या तळ्याला भोक पाडून पाण्यात माइक सोडतात. दोन वर्षांत तिथून मराठी कधी ऐकलं नव्हतं. माइक खाली जाण्याआधी कोणीतरी हळूच म्हणालं, "येऊ का?" आणि लोखंडी कांबीने बर्फावर तीन ठोके दिले. शेजारच्या काकूंच्या दारावर द्यावेत, तसे.

मी ते सात वेळा ऐकलं. कामापुरतं दोनदा पुरलं असतं.

त्याचं नाव निहार. शुगर लँड शहरात वाढलेला, तळ्यांवर जाऊन रेकॉर्डिंग करणारा आमचा नवा फील्डवाला. मी ईमेलवर विचारलं, परवानगी कोणाची मागतोस? त्याने फोनच केला. ठोके माइक तपासायला असतात म्हणाला. पण कोणाच्याही घरात न विचारता शिरायचं नाही, हे आईने लहानपणीच बजावलेलं. मग दर गुरुवारी तळ्यावरून आला की तो गाडीतून फोन करायचा. मागे हीटरची घरघर. मी जेवणाच्या डब्यात काय आहे ते सांगायचे, तो उसासे टाकायचा... आणि गुरुवार फार लांब लांब येऊ लागले.

चौथ्या गुरुवारी मी चारही फाइलींमधले ठोके एकाखाली एक मांडले — खरं तर फक्त त्याचा आवाज शोधत होते.

कानाला ठोका एकच ऐकू येतो. आलेखात मात्र प्रत्येकामागे एक फिकट ठोका दिसतो: तळाशी आपटून परत आलेला. तो किती उशिरा येतो, त्यावरून तो किती खोलवरून आला ते कळतं. पहिल्या गुरुवारी चौऱ्याऐंशी मीटर. बरोबर, तळ तिथेच आहे. दुसऱ्या गुरुवारी सत्तर. तिसऱ्या, बेचाळीस.

चौथ्या, चौदा.

भोक तेच होतं. मी जागेचे आकडे तीनदा पाहिले, दुसऱ्या प्रोग्रॅममधून हिशेब काढला. चौदाच.

मी त्याला सगळं सांगितलं. तो हसला.

"म्हणजे खालून कोणीतरी मला भेटायला येतंय. तुझ्याआधी."

"निहार, पुढच्या गुरुवारी बर्फावर जाऊ नकोस."

"लास्ट रेकॉर्डिंग आहे, रुही. आणि प्रतिध्वनीला घाबरून कॅन्सल केलं असं रिपोर्टमध्ये लिहू? काहीतरी सायंटिफिक कारण दे, यार."

माझ्याकडे होतं एकच कारण, आणि ते सायंटिफिक नव्हतं.

"कारण... मला तू इथे हवा आहेस. धडधाकट. माझ्यासमोर."

तो म्हणाला, "हे पिअर-रिव्ह्यूड आहे का?"

"नाही."

"चालेल — मी येतो."

नऊ दिवसांनी, शनिवारी सकाळी अकरा वाजता, मी ज्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते त्या देवयानी काकूंच्या दारावर तीन ठोके पडले. बेल असतानाही. "येऊ का?"

मी दार उघडलं. आवाजावरून वाटला होता त्यापेक्षा तो उंच होता, आणि जास्त लाजरा. मी त्याचे हात धरले. इतके गार होते की सोडवेनात.

काकूंनी चहा टाकला आणि स्वयंपाकघरातून विचारलं, शेवटचं रेकॉर्डिंग झालं का. नाही, तो म्हणाला; गुरुवारी बर्फावर पाऊलही ठेवलं नाही, काठावरूनच निरोप घेतला.

"पण बरं नाही वाटलं गं," तो माझ्याकडे वळला. "चार वेळा आपण गेलो त्यांच्याकडे. तसंच कसं निघायचं? म्हणून आई म्हणते तसं म्हटलं — आता तुम्हीच या आमच्याकडे."

"पोराला वळण आहे हो," काकू म्हणाल्या. आम्ही खूप हसलो. चहात आलं जास्त झालं होतं. टेबलाखाली त्याचा अंगठा माझ्या मनगटावर होता, अजूनही गारच.

काकूंच्या दाराच्या बेलमध्ये कॅमेरा आहे. तो आवाजही टिपतो. त्याचं ते पहिलं "येऊ का?" मला जपून ठेवायचं होतं. तेवढा तुकडा कापायला मी लॅपटॉपवर फाइल उघडली.

दारासमोर नुसतं लॉन आहे. आवाज परत फिरवेल अशी सर्वांत जवळची भिंत साठ मीटरवर.

आलेखात ठोके तीन होते, आणि प्रत्येकामागे एक फिकट ठोका. हवेतला आवाजाचा वेग धरून मी दारापासूनची अंतरं काढली.

पहिला : तीन मीटर चाळीस सेंटिमीटर.

दुसरा : एक मीटर सत्तर.

तिसरा : पंच्याऐंशी सेंटिमीटर.