‘चांदणं’ खानावळीतली न संपणारी रांग

आमच्या खानावळीत जेवून गेलेला एकही माणूस नाराज नव्हता. तरीही खानावळ बुडायला आली होती. असं कसं होतं, हे मला तीन दिवस कळत नव्हतं, आणि एखादी गोष्ट कळली नाही की मला घास गोड लागत नाही.

आधी एक सांगते, ही खानावळ खरी नाही. ती ‘नवंगाव’ नावाच्या खेळात आहे. नवंगाव हे एक अभिरूप आहे (म्हणजे खऱ्यासारखं चालणारं, पण संगणकाच्या आत वसलेलं जग). तिथली माणसं सकाळी उठतात, कामाला जातात, भांडतात, आणि त्यांना भूकही लागते. माझी मैत्रीण शिरीन आणि मी मिळून तिथे ‘चांदणं’ खानावळ काढली. फरशी मी बसवली, भिंतीवरचे मासे तिने रंगवले. एक मासा जरा बेडकासारखा झालाय, पण ते तिला सांगायची सोय नाही.

मग शिरीनची आई चंद्रावरच्या तळावर पाण्याचं संशोधन करायला गेली आणि शिरीनलाही घेऊन गेली. मी राहिले मिरजेत. आता आम्ही रोज ‘चांदणं’मध्येच भेटतो. माझं बोलणं चंद्रावर पोचून तिचं उत्तर परत यायला जवळजवळ तीन सेकंद लागतात. तेवढं मी सहन करते.

पण नवंगावचा नियम कडक आहे. लोक प्रत्येक खानावळीला एक ते पाच तारे देतात. रविवारी संध्याकाळी सहाला ज्या खानावळीची सरासरी दोनच्या खाली असेल, तिची जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळते आणि जुनी इमारत पाडून टाकतात. माशांसकट. आमची सरासरी होती एक पूर्णांक सहा, आणि वार होता शुक्रवार.

“काय गं कृत्तिका, तोंड का पाडलंयस?” आबांनी विचारलं.

आबा म्हणजे माझ्या आईचे वडील. ते रांगाशास्त्राचे शास्त्रज्ञ होते (रांगा का लागतात आणि कशा कमी करायच्या, याचं गणित). अंतराळतळांवर यानांची गर्दी होऊ नये म्हणून त्यांनी तीस वर्षं आकडेमोड केली. स्वतः मात्र केशकर्तनालयात दोन माणसं पुढे दिसली तरी दाढी न करता घरी परत येतात.

मी त्यांना सगळं सांगितलं. दोन नवे आचारी ठेवले. तिसरी शेगडी आणली. वाढप्यांना मी स्वतः शिकवलं, की पाहुणा ‘पुरे’ म्हणाला तरी ऐकायचं नाही. ‘एक पोळी तरी घ्याच, आमच्यासाठी’ म्हणायचं. ताटावर हात आडवा धरला तर हाताच्या बाजूने वाढायचं. शेवटी विडा द्यायचा आणि चार गोष्टी बोलायच्या. आमच्या घरी असंच वाढतात.

“आणि लोक खूश आहेत?”

“खूश म्हणजे काय, आबा! जेवलेले बरेचजण तारे द्यायलाच विसरतात, पण ज्यांनी दिले त्यांनी पाचच दिलेत.”

“मग एक तारा देणारे कोण?”

हे मी बघितलंच नव्हतं. मी फक्त जेवणाचं कौतुक वाचत बसले होते. आता यादी उघडली, आणि एक तारा देणारा प्रत्येक माणूस न जेवता गेलेला निघाला. ‘तासभर उभा होतो.’ ‘पोरगं रडायला लागलं, गेलो.’ मला फार वाईट वाटलं. उपाशी माणसं माझ्या दारातून परत जात होती, आणि मी आत पोळ्या वाढत होते.

“मग आणखी आचारी ठेवू?”

“तुझ्या स्वयंपाकघरात आत्ता काय दिसतंय?”

मी आत डोकावले. ओट्यावर भरलेली अकरा ताटं गार होत होती. ती ठेवायला बाहेर जागाच रिकामी नव्हती.

“म्हणजे अडणीची जागा शेगडी नव्हे,” आबा म्हणाले. (अडणीची जागा म्हणजे जिथे काम अडतं आणि जिच्यामुळे बाकी सगळ्यांना थांबावं लागतं ती.) “ती सोडून दुसरीकडे कितीही सुधारणा कर, रांग हलायची नाही. आता मोज. मिनिटाला किती माणसं येतात?”

“एक.”

“आणि एक माणूस खुर्चीवर किती वेळ बसतो?”

मी खेळातलं घड्याळ लावून मोजलं. जेवायला पंधरा मिनिटं, आग्रहाची पंधरा, विडा आणि गप्पांची दहा. एकूण चाळीस.

“ह्या दोन आकड्यांचा गुणाकार केलास की किती खुर्च्या लागतील ते कळतं. बघ, पहिला माणूस उठेपर्यंत चाळीस मिनिटं जातात. तेवढ्यात मिनिटाला एक याप्रमाणे चाळीस माणसं आत आली. ती सगळी बसणार कुठे?”

आमच्याकडे खुर्च्या होत्या चोवीस. मला एकदम लख्ख दिसलं. चूक कुणाच्याही आळसाची नव्हती. आम्ही कितीही धावलो असतो तरी रांग वाढतच गेली असती.

“खुर्च्या वाढवू?”

“जागा आहे?”

जागा नव्हती. माणसं कमी यावीत असं वाटणं म्हणजे मूर्खपणाच. उरला वेळ. मी विड्याचं तबक उचललं आणि दाराबाहेर कट्टा बांधून तिथे ठेवलं. गप्पा तिकडे गेल्या, दहा मिनिटं वाचली. आता तीस खुर्च्या लागणार. अजून सहा कमीच!

“आता आग्रह,” आबा हळूच म्हणाले.

“तो नाही कमी करणार! मग ती खानावळ कसली?”

“बंद करायला कोण सांगतंय? एकदाच कर, मनापासून. हात आडवा आला की थांब. तुझ्या आजीच्या पाचव्या पोळीने मी कधीच खूश झालो नाही, फक्त बोलायची हिंमत नव्हती.”

मी इतकी हसले की आई बघायला आली. एकदाच आग्रह म्हटल्यावर पंधराची पाच मिनिटं झाली. जेवणाची पंधरा आणि ही पाच, म्हणजे वीस. वीस खुर्च्या भरलेल्या, चार रिकाम्या.

“त्या चारही भरून टाकू या की! मग आग्रहाला अजून चार मिनिटं मिळतील.”

“माणसं काही घड्याळ लावून येत नाहीत. कधी पाच मिनिटं कुणी नाही, कधी अख्खं वऱ्हाड दारात. त्या चार खुर्च्या वऱ्हाडासाठी राहू देत.”

शनिवारी सकाळी मी नवी पद्धत सुरू केली. दुपारपर्यंत जुनी रांग ओसरली. संध्याकाळी खरोखरच एक वऱ्हाड आलं, दहा मिनिटं थांबलं आणि जेवून गेलं. रविवारी सहा वाजता आमची सरासरी होती तीन पूर्णांक दोन. मी खुर्चीवर उभी राहून ओरडले. तीन सेकंदांनी शिरीनही ओरडली.

मग आम्ही दोघी कट्ट्यावर बसलो, आणि मी तिला गुणाकार समजावून सांगितला. तिने तो लगेच तळावरच्या भोजनगृहाला लावून पाहिला. तिथे रोज पाऊण तास रांग असते म्हणे, आणि मोठे लोक नवी चूल मागवायच्या विचारात आहेत. उद्या ती घड्याळ घेऊन तिथे मोजायला जाणार आहे.

“चल, आता निघते,” ती म्हणाली.

“थांब ना. रोज थांबतेस की अजून थोडा वेळ.”

या वेळी उत्तराला तीन सेकंदांहून जास्त लागले.

“कृत्तिका, इथे खेळायचं यंत्र एकच आहे. माझ्यामागे पाच मुलं उभी असतात. सगळ्यांची घरं पृथ्वीवर आहेत, त्यांनाही कुणाला तरी भेटायचं असतं. तू रोज थांबवतेस, आणि मला नाही म्हणवत नाही.”

मी मनातल्या मनात गुणाकार केला: पाच मुलं, आणि मी रोज जास्तीची मागितलेली मिनिटं. मग शेवटच्या मुलाचा विचार केला, जो रोज यंत्रापर्यंत पोचतच नसेल.

“ऊठ,” मी म्हटलं. “आणि मागच्याला सांग, आज त्याला पूर्ण वेळ मिळेल.”

तीन सेकंद गेले. मग माझ्या शेजारची कट्ट्यावरची जागा रिकामी झाली, आणि पाठोपाठ नवंगावच्या वेशीवर एक अनोळखी मुलगा उगवला. तो इकडेतिकडे बघत होता. मी हात हलवून विचारलं, “जेवलास का रे?”