बेंतेनची उत्तरपूजा

लंडनमध्ये हॅरोला जागा बघायला गेलो तो सप्टेंबरातला शनिवार होता, साल १९७०. फोनवर "रिकामी आहे" आणि दारात "सॉरी, आत्ताच गेली" असं तोवर चार घरांत ऐकून झालं होतं. पाचव्या घराचं दार मिसेस व्हिटेकरांनी उघडलं. सत्तरीच्या, सडपातळ बाई. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. सुप्रभाच्या खांद्याला गवसणीतला तंबोरा होता, कारण हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये तो एकटा ठेवून यायला माझी बायको कधीच तयार नसे. त्याच्याकडे बघत त्यांनी विचारलं, "वाजवता?"

"गाते," सुप्रभा म्हणाली.

"मग या आत."

हॉलमध्ये जिन्याच्या पायथ्याशी ती बसलेली होती. हातभर उंचीची, काळपट लाकडाची बाई. मांडीवर आडवं धरलेलं एक तंतुवाद्य, पोटाला फुगीर आणि मानेला मोडल्यासारखं मागे वळलेलं. त्याला तार एकही नव्हती. उजव्या हातात मात्र वाजवायची लाकडी नखी घट्ट धरलेली, आणि बैठकीवर न कळणाऱ्या लिपीतली चार अक्षरं कोरलेली. हॉलभर फरशीच्या पॉलिशचा आणि कापराचा वास होता. सुप्रभानं बूट काढले आणि सरळ नमस्कार केला.

"अहो, ही आपली सरस्वतीच की!"

"आम्ही हिला बेंतेन म्हणायचो," मिसेस व्हिटेकर म्हणाल्या. त्यांचे यजमान जॉर्ज लढाईच्या आधी जपानात, कोबेला, चहाच्या पेढीत होते. "मूळ तुमच्याच देशातली, असं तिथल्या एका पुजाऱ्यानं सांगितलं होतं. गाणं हिच्याकडे, नशीब हिच्याकडे. फक्त... नवराबायकोनं जोडीनं हिच्यासमोर जाऊ नये, असं तिथे मानतात. मत्सरी आहे थोडी."

त्या हसल्या, मीही हसलो. मी डॉक्टर होतो ना.

वरच्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या. सुप्रभाचा रियाझ दुपारी असे आणि माझ्या निम्म्या ड्यूट्या रात्रीच्या, म्हणजे दुपारी मी घरी. एम.आर.सी.पी.च्या परीक्षेत, दुसऱ्या भागात, मी एकदा आपटलो होतो. पुन्हा आपटलो असतो तर कुठल्या तोंडानं मुंबईला पत्र लिहायचं, हा प्रश्न माझ्या उशाशीच असायचा. खरं सांगायचं तर तिचा आवाज वाईट असता तर बरं झालं असतं. वाईट आवाजाकडे दुर्लक्ष करता येतं. तिनं सा लावला की माझ्यापुढचं मूत्रपिंडाचं प्रकरण तिथेच थांबायचं आणि मी तासभर नुसता बसून राहायचो. मग तिच्यावरच चिडायचो. एकदा दोनदा "हळू गा, म्हातारी हाकलून देईल" असंही म्हणालो. म्हातारी जिन्यात बसून ऐकायची, हे मला ठाऊक होतं.

दसरा आला. सुप्रभाच्या वडिलांकडे शिरस्ता असा, की दसऱ्याला तंबोरा सरस्वतीपुढे ठेवायचा, पूजा करायची, आणि उत्तरपूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. गळाही उघडायचा नाही. उत्तरपूजा म्हणजे काही मोठं नसतं. दुसऱ्या दिवशी अक्षता वाहायच्या आणि पूजेतली वस्तू जरा उत्तरेकडे सरकवायची. पण ज्यानं पूजा मांडली त्यानंच ती उठवायची.

पाटी नव्हती म्हणून सुप्रभानं कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याच्या पाठीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली. झेंडूऐवजी बागेतली शेवंती घेतली. बेंतेनपुढे तंबोरा भिंतीला टेकवला आणि मी धुतलेली पँट घालून पूजेला बसलो. आपल्याकडे बसतात तशी ती शेजारी बसली आणि तिनं माझ्या हाताला हात लावला. मिसेस व्हिटेकर स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. काहीतरी बोलायला म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण आमचे लावलेले हात बघून त्या आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटेच हॉस्पिटलचं बोलावणं आलं. परतलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. घर शांत. मी पुस्तक उघडलं आणि संध्याकाळपर्यंत चाळीस पानं वाचली. इतकी पानं त्या घरात मी एका बैठकीला कधीच वाचली नव्हती.

"अहो, उत्तरपूजा राहिलीय," सुप्रभा म्हणाली.

"उद्या करू."

त्या "उद्या"त अजून काही खोट नव्हती. खोट दुसऱ्या दिवशीच्या "उद्या"त होती. मग "रविवारी निवांत करू." मग "या रविवारी आंघोळीला गरम पाणी कुठेय?" मग अमावास्या आडवी आली. पंचांग मानणाऱ्यांतला मी कधीच नव्हतो, पण तेव्हा मला तिथ्या तोंडपाठ झाल्या. दिवाळी गेली. ती रोज तंबोऱ्याला ताजं फूल वाहायची आणि पोळ्या लाटताना साधं गुणगुणायचीही नाही. ओठ घट्ट मिटून लाटायची.

एकदा तिनं विचारलं, "अहो, करू या ना आज? घसा आतून खाजल्यासारखा होतो..."

"एवढी परीक्षा होऊ दे."

ती म्हणाली, "बरं."

भांडली असती तर मी त्याच संध्याकाळी उठून अक्षता वाहिल्या असत्या. असं मी स्वतःला आजही सांगतो. खरं असेलच असं नाही.

डिसेंबरात संप होता आणि वीज वरचेवर जायची. अशाच एका दुपारी चारलाच मिट्ट अंधार झाला आणि दिवे गेले. सुप्रभा मेणबत्त्या आणायला गेली होती, मिसेस व्हिटेकर बहिणीकडे. उरलेला एक तुकडा पेटवून मी खाली आलो. हॉलमध्ये थंडी होती, आणि पॉलिशचा वास जाऊन वेगळाच वास येत होता... तळ्याकाठच्या ओल्या लाकडाचा, शेवाळाचा. जिन्यावरचं घड्याळ टकटकत होतं.

मी बेंतेनपुढे उभा राहिलो. एकटाच होतो, जोडीनं नव्हतो. का कुणास ठाऊक, मला तिला समजावून सांगावंसं वाटलं.

"अजून थोडेच दिवस," मी म्हणालो. मराठीतच म्हणालो. "फक्त तिचं गाणं माझ्या कानावर येऊ नये... एवढंच मागतो."

टक्.

लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज. एकदाच, आणि अगदी जवळून. मेणबत्तीची ज्योत हललीदेखील नाही. मग माझ्या ध्यानात आलं की घड्याळ ऐकू येत नाहीये. लंबक हलत होता, पण आवाज नव्हता. रस्त्यावरून एक गाडी गेली, तिचे दिवे भिंतीवरून सरकले, तीही मुकी. माझा श्वाससुद्धा मला ऐकू येईना. किती वेळ गेला सांगता येत नाही. सुप्रभाची किल्ली कुलुपात फिरली आणि सगळे आवाज एकदम परत आले. ती हसून म्हणाली, "अंधारात काय करताय?" मी म्हणालो, "काही नाही." त्या रात्री मी गाढ झोपलो.

फेब्रुवारीत पास झाल्याचं कळलं. त्याच दुपारी मी आंघोळ केली, अक्षता वाहिल्या, तंबोरा बोटभर उत्तरेकडे सरकवला. सुप्रभा तिथेच, हॉलच्या सतरंजीवर बसली. चार महिन्यांनी तिच्या बोटांनी तारा छेडल्या तेव्हा मला वाटलं, सुटलो. तंबोरा झंकारला. तिनं डोळे मिटले, तोंड उघडलं.

मला फक्त तंबोरा ऐकू आला.

तिचा गळा हलत होता. मानेची शीर ताणली होती. हात वर उचलला जात होता. इतक्या दिवसांनी आवाज फुटत नसेल, असं समजून मी पाण्यासाठी उठणार होतो. तेवढ्यात जिन्याकडे लक्ष गेलं. मिसेस व्हिटेकर पायरीवर बसल्या होत्या आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

सुप्रभानं डोळे उघडले. "गळा जरा बसलाय ना हो?" तिचा हा प्रश्न मला स्वच्छ ऐकू आला.

"छे," मी म्हणालो. "छान लागला होता."

योना पेणकर कानाच्या विभागात होता. आपल्या अलिबागकडचा बेने इस्रायली, माझा मुंबईपासूनचा दोस्त. त्यानं सगळ्या टेस्ट केल्या. "अरे माधव, कान ए-वन आहेत तुझे. ओव्हरवर्क झालंय, दुसरं काही नाही. हॉलिडे घे." मी सुप्रभाच्या गाण्याची टेप नेली होती ती लावली. त्यातून मला तंबोरा आणि टेपची खरखर ऐकू येत होती. योना डोळे मिटून डोलत होता. "वा! आमच्या शाबाथच्या प्रार्थनेला असा आवाज मिळाला तर अर्धं लंडन येईल रे." मग डोळे उघडून म्हणाला, "तू रडतोस कशाला?" त्या दिवशी मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं माझी चेष्टा केली नाही.

मिसेस व्हिटेकरांनाही विचारलं, मागितलेलं परत करता येतं का. काय मागितलंत, हे त्यांनी मला विचारलंच नाही.

"जॉर्जनंही काहीतरी मागितलं होतं," त्या म्हणाल्या. "मला कधी सांगितलं नाही. मी तेव्हा पियानो वाजवायचे, तासन् तास. शेवटची नऊ वर्षं तो माझ्यासमोर बसायचा आणि... चुकीच्या जागी टाळ्या वाजवायचा."

मी निदान ती चूक केली नाही. तिचा हात समेवर कसा पडतो ते मी पाठ केलं. मान कधी हलवायची, "वा" कधी म्हणायचं, सगळं. मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत, इल्फर्डच्या हॉलमध्ये, मी पहिल्या रांगेत बसतो आणि लोक म्हणतात, बायकोचं गाणं ऐकावं तर डॉक्टरांनी. आता आमचं स्वतःचं घर आहे, तिथे ती मुलींना शिकवते. मुलींचे कच्चे सूर मला ऐकू येतात. मधे मधे सगळं थांबतं, नुसता तंबोरा उरतो, आणि मग तीच मुलगी तीच ओळ जरा बरी गाते. त्या मधल्या जागेत माझी बायको असते.

मिसेस व्हिटेकर गेल्या, भाच्यानं बेंतेन एका म्युझियमला दिली. तिथेही मी जाऊन आलो. काचेपुढे उभा राहून मनातल्या मनात दहादा माफी मागितली. शेजारी शाळेच्या पोरी तिचं चित्र काढत होत्या. काहीच झालं नाही.

शेवटी यंदा, १९७९च्या दसऱ्याला, मी ठरवलं की सांगून टाकायचं. नऊ वर्षं झाली होती. दुपारच्या चहानंतर सुप्रभाला समोर बसवलं आणि सांगितलं. उत्तरपूजा मुद्दाम लांबवली हे सांगितलं, अंधारात काय मागितलं ते सांगितलं, आणि तेव्हापासून तिचा एक सूरही ऐकला नाही हेही. ती हलली नाही. मग बोलायला लागली.

तिचे ओठ हलताना मला दिसत होते.

किटली निवत होती, तिची टिकटिक ऐकू येत होती. शेजारचा माणूस झुडपं कापत होता, त्याची कात्री ऐकू येत होती. सुप्रभा बोलत होती. मध्येच तिचा हात टेबलावर पडला आणि मी, सवयीनं, मान हलवून म्हणालो, "वा."

ती थांबली. तिचा तो चेहरा मी कुणाला सांगू शकणार नाही.

"ऐकू येत नाहीये गं," मी म्हणालो. "हे पण... हे पण ऐकू येत नाही. लिहून दे."

तिनं वही ओढली आणि पानभर लिहिलं. पान फाडून माझ्यापुढे ठेवलं आणि वर निघून गेली. मी पान उलटं केलं, सुलटं केलं. त्यावर काहीच नव्हतं. संध्याकाळी तिनं भाजी कुठली करू म्हणून विचारलं, ते नेहमीसारखं ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी ते पान घेऊन योनाकडे गेलो. त्यानं चष्मा लावला आणि वाचायला लागला. खरंच वाचत होता. डोळे ओळीवरून ओळीवर जात होते. शेवटाला आल्यावर तो पुन्हा वर गेला आणि पुन्हा सगळं वाचलं.

"वाच ना मोठ्यानं," मी म्हणालो.

"नाही रे. हे तिनंच तुला सांगायला पाहिजे."

"तिनं सांगितलंय, योना. मला मिळत नाहीये. एवढंच सांग... माफ केलंय का?"

योनानं पान टेबलावर ठेवलं आणि बोटानं माझ्याकडे सरकवलं. त्याचं बोट पानाच्या अगदी तळाशी होतं.

"खाली दोन सह्या आहेत, माधव. एक सुप्रभाची आहे." तो हळू आवाजात बोलत होता, शेजारच्या खोलीत कुणी झोपलं असावं तसा. "दुसरी... ही कुठली लिपी आहे रे?"

मी पान उचललं आणि खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं. ते कोरं होतं.