बोळे घालून झोपलेले काका

काका मेले तर पुतणीला तीन खोल्यांचं घर मिळणार होतं, बँकेतली ठेव मिळणार होती, आणि रोज सकाळी दोनदा चहा टाकण्यातून सुटका होणार होती. फौजदारांनी हा हिशेब तिच्यासमोरच मांडला. बेरीज तिच्या विरुद्ध गेली.

“उद्या सकाळी दहाला मला अटक करणार आहेत,” वहिनींच्या कचेरीत बसून ती सांगत होती. “परवा रात्री हॉटेलात कुणीतरी काकांच्या तोंडावर उशी दाबली. मी शेजारच्या खोलीत होते. दोन खोल्यांच्या मध्ये एक दार आहे, त्याची कडी माझ्या बाजूला.”

वहिनी खासगी तपासाची कामं घेत. त्यांचे दीर त्यांच्याबरोबर हिंडत. त्यांना सगळेच भाऊजी म्हणत, अगदी इस्त्रीवालासुद्धा.

“गेलं काय?” वहिनींनी विचारलं.

“अकरा जुनी खिशातली घड्याळं. काका घड्याळजी होते, ती विकायलाच आम्ही आठवड्यापूर्वी इथे आलो होतो. त्यांची खिडकी सताड उघडी होती. फौजदार म्हणतात, तिसऱ्या मजल्यावर चढायला चोर काय पाल आहे? ती पण म्हणे मीच उघडली.”

हॉटेल सहा खोल्यांचं. प्रत्येक खोलीला वेगळा रंग, टेबलं फळांच्या खोक्यांची, दिवे लोणच्याच्या बरण्यांत. भाडं कमी, कारण रस्त्यावर ओळीने सात नाचघरं होती. संध्याकाळी आठला ती सुरू होत आणि पहाटे पाचला थांबत. दुपारी मात्र रस्ता इतका गाढ झोपे की कोपऱ्यावरच्या नळाचं ठिबकणं ऐकू येई.

वहिनींनी फौजदारांकडून पंचनामा मागून घेतला आणि जिन्यातच वाचला. मयत पाठीवर, अंगावर पांघरूण नीट. उशाशी चष्म्याची डबी. दोन्ही कानांत मेणाचे बोळे. खोलीच्या दाराचं कुलूप शाबूत.

“झोपेतच गेले बिचारे,” भाऊजी म्हणाले. “बोळे घातलेल्या माणसाला चोर काय ऐकू येणार?”

“तपास तुमच्याकडे असता तर चोर फार समाधानी असता, भाऊजी.”

सफाईवाली बाई तिसऱ्या मजल्यावर चादरी मोजत होती. काका मेलेले प्रथम तिनेच पाहिले होते.

“किल्ली माझ्याकडे असते, लपवत नाही,” ती म्हणाली. “पण माझं त्यांच्याशी वाकडं एकदाच झालं. चष्म्याच्या डबीत कानाचं यंत्र ठेवायचे, ते माझ्या हातून पडलं. केवढे ओरडले. मग स्वतःच म्हणाले, बाई, रागावू नका, याच्याशिवाय मला तोफसुद्धा ऐकू येत नाही.”

“मग दिवसभर कानात, रात्री डबीत?”

“छे, संध्याकाळीच डबीत. नाचघरं सुरू झाली की यंत्र शिट्ट्या मारायचं म्हणे.”

समोरच्या खोलीत सॅक्सोफोनवाला राहत होता. परवा रात्री तो पहाटेपर्यंत मंचावर होता, आणि त्याला पाहणारे तीनशे लोक होते. “दुपारी आम्ही पत्ते खेळायचो,” तो म्हणाला. “यंत्र घालूनही त्यांच्या कानाशी ओरडावं लागे. सगळा रस्ता चिडीचूप, आणि मी बोंबलतोय, इस्पिकची राणी. लाज वाटायची.”

रात्रपाळीवाला आठला आला. तोवर रस्ता धडधडू लागला होता. दहा वर्षं तो या काउंटरवर होता. आवाज खणखणीत, हसणं मोकळं.

“काका रोज गप्पा मारायला खाली यायचे,” तो ओरडून म्हणाला. “घड्याळं दाखवायचे. मी ओरडायचो, ते ओरडायचे, दोघंही दहा वेळा ‘काय? काय?’ करायचो. इथे सगळ्यांचंच तसं.”

“बोळे तुम्हीच देता?”

“प्रत्येक पाहुण्याला, माझ्या हाताने. काकांनी हसून खिशात टाकले.”

वहिनींनी मान हलवली आणि भाऊजींकडे वळून, गुपित सांगावं तसा चेहरा करून, घसा ताणला. “बारावं घड्याळ सगळ्यांत महागाचं. काकांनी ते खोलीतच कुठेतरी लपवलंय. सकाळी फौजदार फरशी उचकटणार आहेत. आजची रात्र तुम्ही तिथेच झोपा.”

“मी? त्या खाटेवर?”

“चादर बदलली आहे. आणि बोळे घाला, नाहीतर झोप यायची नाही.”

भाऊजींनी बोळे घातले. मग सुरू झाली ती शांतता नव्हती. आवाज कानांतून गेला आणि हाडांतून येऊ लागला. खाट थरथरत होती. उशाशी पाण्याचा पेला होता, त्यात एकसारख्या वर्तुळाकार लाटा उठत होत्या. आपण ओरडलो तर आपल्यालासुद्धा कळणार नाही, असा विचार मनात आला आणि तो जाईना. काकांनी शेवटी हेच छत पाहिलं असेल. भाऊजींनी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. पायांना घाम आला होता.

दोनच्या सुमारास दाराखालची उजेडाची फट रुंद झाली. दार उघडलं होतं, आणि आवाज मुळीच झाला नव्हता.

एक सावली कपाटाकडे गेली. छोट्या विजेरीचा ठिपका भिंतीवरून, फरशीवरून सरकत आला आणि भाऊजींच्या चेहऱ्यावर थांबला. भाऊजींचे डोळे टक्क उघडे होते. मिटायला हवेत हे त्यांना कळत होतं, पण पापण्या ऐकत नव्हत्या.

ठिपका विझला. डोक्याखालची उशी हिसकावली गेली आणि तोंडावर आली. भाऊजी ओरडले असावेत. नक्की सांगता येत नाही.

मग खोलीत लख्ख उजेड पडला. पुतणीच्या खोलीत दबा धरून बसलेले फौजदार मधलं दार उघडून आत शिरले होते आणि रात्रपाळीवाल्याचा हात त्यांनी पाठीमागे पिरगळला होता. वहिनींनी भाऊजींच्या कानांतले बोळे काढले.

“मला आधी सांगितलं असतं तर?” भाऊजींचे दात वाजत होते.

“तुम्हाला झोपेचं सोंग कधी जमलंय?”

पहाटे पाचला रस्ता थांबला, तेव्हा सगळे खाली बसले होते. घड्याळं काउंटरखाली बोळ्यांच्या खोक्यात सापडली होती. अकराच, कारण बारावं कधी नव्हतंच.

“ठार बहिरा माणूस कानात बोळे कशाला घालेल?” वहिनी म्हणाल्या. “ते काकांनी घातलेच नाहीत. मारणाऱ्याने मागाहून घातले. खिडकी उघडली, बोळे घातले, म्हणजे चोर आला आणि म्हाताऱ्याला ऐकू आलं नाही, असं सगळे मानतील. पण मग मारणाऱ्याला ते बहिरे आहेत हे माहीत नव्हतं. पुतणीला माहीत होतं. बाईला होतं. पत्त्यांच्या भिडूला होतं. या तिघांनी काकांना दुपारच्या शांततेत पाहिलं होतं.”

“याच्याशी तर ते रोज बोलायचे,” फौजदार म्हणाले.

“आठनंतर, यंत्र काढून. ओठ बघून समजून घ्यायचे. आठनंतर या काउंटरवर सगळेच बहिरे असतात. त्यांतला एक खराखुरा आहे हे याला कसं कळावं? दुसऱ्या कुठल्याही गावच्या चोराने ही चूक केली नसती. आणि कुलूप न फोडता उघडणारी किल्ली बाईखेरीज याच्याचकडे.”

रात्रपाळीवाला खाली मान घालून बसला होता. “झोपलेत असं वाटलं होतं,” तो म्हणाला. आवाज अजून रात्रीचाच होता, गरजेपेक्षा मोठा. “मी पावलाचाही आवाज केला नाही.”

“आवाजाने नाही, ते विजेरीने जागे झाले.”

दहाची अटक टळली, तरी पुतणी जागची हलली नव्हती. “त्यांनी मला हाक मारली असेल का?” तिने विचारलं. “मधलं दार चार पावलांवर होतं. मी बोळे घातले होते.”

वहिनींनी तिचा हात धरला.

पुढे हिशेब लागला तो असा. रात्रपाळीवाल्याने उरलेलं आयुष्य तुरुंगात भरलं. काकांनी आधीच सगळं भरलं होतं. भाऊजी तीन महिने दिवा लावून झोपले, विजेचं बिल वहिनींनी भरलं. पुतणीला ते तीन खोल्यांचं घर मिळालं, पण तिथल्या काकांच्या खोलीला लागून असलेल्या खोलीत ती त्यानंतर एक रात्रही झोपली नाही.