नकाशावरची नववी खोली

पडदे शिवणाऱ्याचं काम तसं निरुपद्रवी. लोकांच्या घरी जायचं, स्टुलावर चढायचं, खिडक्यांची मापं वहीत टिपायची आणि स्टुलावरून न पडता खाली उतरायचं. त्या दिवशीही तो असाच, सकाळी अकराच्या लख्ख उन्हात, वस्तीच्या टोकाला असलेल्या एका रिकाम्या बैठ्या घराची मापं घ्यायला गेला होता. नवे मालक महिनाभरानं राहायला येणार होते. किल्ली शेजारणीकडे होती.

पण त्याचं डोकं खिडक्यांत नव्हतं. दर शनिवारी संध्याकाळी, दुकान बंद झालं की कापड कापायच्या लांब टेबलाभोवती तो एक खेळ चालवायचा. हा खेळ पत्त्यांचा नाही आणि सोंगट्यांचाही नाही. एकानं गोष्ट रचायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. आपण काय करतो ते सांगायचं, वीस बाजूंचा फासा टाकायचा, आणि पुढं काय झालं ते गोष्ट रचणाऱ्यानं सांगायचं. राजा, राक्षस, पहारेकरी, सगळ्यांचे आवाजही त्यानंच काढायचे. कुणी काहीही विचारलं तरी 'माहीत नाही' म्हणायची सोय नाही.

टेबलाला तिघं बसत. औषधांचा दुकानदार, शाळेतल्या चित्रकलेच्या बाई आणि त्याची ताई. खरं सांगायचं तर सगळा खटाटोप ताईसाठीच होता. दोन वर्षांपूर्वी तिचे यजमान, याचे भाऊजी, हॉस्पिटलात वारले. शेवटच्या दिवशी घशात नळी असताना त्यांनी हात उचलला, ओठ हलवले. ताईनं कान लावला, पण ऐकू काहीच आलं नाही. तेव्हापासून तिनं तोंडाला कुलूप घातलं. 'हो', 'नाही' आणि 'जेवले', या तीन शब्दांवर तिचा दिवस निघायचा. या खेळात मात्र ती 'मांजर' नावाची चोरटी होई, आणि मांजर अशी बडबडी की औषधवाल्याला मधे शिंकायलाही जागा मिळू नये. ताई बोलत नसे, पण मांजर बोले. भावाला तेवढंही पुष्कळ होतं.

आणि आता त्याला काही सुचेनासं झालं होतं. महिनाभर त्याच गुहा, तोच दोन डोक्यांचा पहारेकरी. मागच्या शनिवारी ताईनं फासा पिशवीत घातला आणि स्वतःच्या, बारीक आवाजात विचारलं, "पुढच्या वेळेपासून नाही आले तर चालेल ना रे?" तो त्या रात्री झोपला नाही.

"डोकं खाजवून काही येत नसतं," औषधवाल्यानं त्याला सांगितलं होतं. "दिसेल त्या घराचा नकाशा काढ. गोष्ट आपोआप येते."

म्हणून त्या रिकाम्या घरात त्यानं खिडक्यांबरोबर भिंतीही मोजल्या आणि चौकटीच्या कागदावर खोल्या आखल्या. आठ खोल्या झाल्या. पण हिशेब जुळेना. स्वयंपाकघर आणि मागची खोली यांच्यामध्ये चार पावलं रुंद, दहा पावलं लांब अशी जागा उरत होती, आणि तिला कुठूनच दार नव्हतं. त्यानं भिंतीवर टकटक केलं. भिंत पोकळ वाजली. महिनोन्महिने बंद असलेल्या घरात त्या भिंतीजवळ फिनेलचा वास येत होता, आत्ताच कुणी फरशी पुसून गेल्यासारखा.

दुसरा कुणी असता तर तिथून निघाला असता. हा खुळा खूश झाला. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन.

किल्ली परत देताना त्यानं शेजारणीला विचारलं, "मधली खोली बुजवलीय का हो?"

"बुजवली नाही," ती म्हणाली. "ती पहिल्यापासून तशीच... दाराशिवाय."

"आत काय आहे?"

"काही नाही. म्हणून तर दार नाही."

नकाशातल्या प्रत्येक खोलीला आकडा द्यायचा आणि त्या आकड्यापुढे आत कोण आहे ते आधीच लिहून ठेवायचं, ही त्याची जुनी शिस्त होती. रिकामी खोली त्यानं टेबलावर कधी आणली नव्हती. या वेळी आठ खोल्या भरल्या आणि नवव्या आकड्यापुढची ओळ तशीच सोडली. वेळ आली की सुचेल, असं त्याला वाटलं. चूक केली ती इथं.

शनिवारी टेबलावरचा दिवा लागला, नकाशा उलगडला. मांजरला ती भिंत सापडायला अर्धा तासही लागला नाही.

"मी कान लावते. आणि दार नसेल तर दार करते," ती म्हणाली. फासा टाकला. वीस, म्हणजे सगळ्यांत मोठं दान.

खजिना सांगायला त्यानं तोंड उघडलं. निघालं ते वेगळंच.

"आत एक माणूस पलंगावर बसलाय. पाठ तुझ्याकडे. एका पायात मोजा आहे... दुसऱ्या पायात नाही."

ताईचा हात टेबलावर थांबला.

"कुणी फरशी पुसली का रे?" औषधवाल्यानं हलक्या आवाजात विचारलं.

"तो बोलतो?" ताईनं विचारलं. हा आवाज मांजरचा नव्हता.

"आता बोलता येतं."

"त्या दिवशी... काय म्हणत होतात तुम्ही?"

आपल्याला हे कसं माहीत असणार, असं भावाच्या मनात येईपर्यंत त्याची जीभ हललीसुद्धा.

"चहा पिऊन ये म्हणत होतो. सकाळपासून तुझ्या पोटात काही नव्हतं."

ताई हसली. मग रडली, आणि रडता रडता पुन्हा हसली. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. दोन वर्षं ती 'मला माफ कर'पासून 'तुझ्यामुळे गेलो'पर्यंत काय काय कल्पून बसली होती, आणि तो बिचारा चहाचं म्हणत होता.

"थांबाल अजून थोडं?"

"दार तूच केलंस ना," भावाच्या तोंडून आलं. "आता कुठं जातोय."

घरी पोचवायला तो बरोबर गेला तेव्हा ताई वाटभर बोलत होती. शेजाऱ्यांबद्दल, गळक्या नळाबद्दल, कशाबद्दलही. त्याला भरून आलं. आपण भाऊ आहोत, तिच्या मनातलं आपल्याला उमगलं असेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. फाटकाशी मात्र त्यानं विचारलंच, "ताई, तो मोजा..."

"दुसरा त्यांच्या उशाशी सापडला होता, नंतर. कुणाला सांगितलं नव्हतं मी," ती म्हणाली आणि आनंदानं आत गेली.

सोमवारी त्याचा घसा बसला. बुधवारी आवाज कुजबुजीवर आला. गुरुवारपासून तो गिऱ्हाइकांना कापडाचे भाव कागदावर लिहून दाखवू लागला. बायकोनं गुळण्या करायला लावल्या, औषधवाल्यानं गोळ्या दिल्या, कशाचा उपयोग झाला नाही. डॉक्टरांनी टॉर्च मारून बघितलं आणि घसा अगदी स्वच्छ असल्याचं सांगितलं.

शनिवारी ताईचा निरोप आला. 'आज येत नाही. काळजी करू नकोस, मजेत आहे.'

दिवेलागणीला तो तिच्या घरी गेला. दारामागं फासा लाकडावर गडगडल्याचा आवाज आला, मग ताईचं खळखळून हसणं. असं हसू त्यानं तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात ऐकलं होतं. फिनेलचा वास उंबऱ्यापर्यंत येत होता.

"बरं, मग पुढं?" ताई म्हणत होती.

आणि कुणीतरी पुढची गोष्ट सांगू लागलं. मोकळ्या, खणखणीत आवाजात, वाक्याच्या शेवटी किंचित थांबत. तो आवाज त्याचा स्वतःचा होता.

त्यानं घंटेचं बटण दाबलं. 'ताई' अशी हाक मारायला तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली.

"दारात कोण आलंय?" आत ताईनं विचारलं.

"कुणी नाही," त्याचा आवाज मायेनं म्हणाला. "तुझी पाळी आहे. फासा टाक."