उसनी चाल

मिहिका चालायला लागली तेव्हा उपचार केंद्रातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डॉ. तांबोळी तेवढ्या तिच्या कमरेकडं बघत होत्या. पाच वर्षांची पोर डावी कंबर बाहेर काढून, डावा हात गोल धरून, उजवीकडं कलून चालत होती.

कल्याणीनंही ते पाहिलं. पण सात महिने लुळे पडलेले लेकीचे पाय जमिनीला टेकत होते, त्यापुढं तिला काही दिसेना.

टाकीच्या शिडीवरून पडून मिहिकाचा मणका मोडला होता, आतला मज्जारज्जू तुटला होता. पूर्वी अशा मुलांचा जन्म चाकाच्या खुर्चीत जायचा. आता तुटलेल्या जागी मज्जासेतू पेरतात, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या चेतापेशींचा पूल. या पेशी कोऱ्या असतात, चालणं त्यांना ठाऊक नसतं. म्हणून घरातल्या कुणीतरी कमरेला पट्टा बांधून चाळीस दिवस चालायचं. पट्टा त्या माणसाच्या मज्जारज्जूतले संदेश टिपतो आणि तीच चाल पेशींना शिकवली जाते. एकदा शिकल्या की त्या विसरत नाहीत.

"ताई, पट्टा असताना हात मोकळे ठेवायचे, सांगितलं होतं ना?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

कल्याणीची मान खाली गेली. मग ती बोलली. ती अंगणात फेऱ्या घालायला निघाली की मिहिका खाटेवरून हात पसरून रडायची. सासूबाई म्हणायच्या, रडू दे जरा. पण पोरीला तिथं टाकून तिच्या डोळ्यांदेखत आपण चालायचं, हे काही तिच्यानं होईना. मणका सांधला होता, उचलायला हरकत नव्हती. चाळीसही दिवस तिनं लेकीला कडेवर घेतलं.

पेशींनी चालीबरोबर कडेवरच्या लेकीचे ते सोळा किलोही शिकून घेतले होते. डॉक्टरांनी समजावलं, सेतू काढून दुसरा पेरता येतो, पण त्यात उरलासुरला मज्जारज्जूही जाऊ शकतो. मग कुठलीच चाल नाही.

"मोठी झाली की जाईल ना हे?"

"ती मोठी होईल, ताई. वजन तेवढंच राहील."

दुसऱ्या सेतूच्या संमतीचा कागद कल्याणीनं कोराच परत केला.

दालनाच्या त्या टोकाहून मिहिका धापा टाकत आली. कल्याणीनं उचलायला हात पुढं केले, तशी ती मागं सरली.

"मला नको घेऊस," ती आपल्या रिकाम्या कमरेकडं बघत म्हणाली. "आई, हिला खाली कसं ठेवायचं?"