वेदांतच्या नावावर

घोटावड्यात हैबतरावांच्या गच्चीवर जेवणं उरकली की भाडेकरू येऊन बसतात. त्या रात्री लाइट गेली होती. रोहित आणि जान्हवी, दोघंही हिंजवडीला नोकरीला जाणारे, चटईवर टेकले होते.

"काका, माझ्या खोलीत आधी कोण राहायचं?" रोहितने विचारलं.

"निषाद. लातूरचा पोरगा. रातीतनं सामान बांधून गेला."

"तुमच्या घोरण्याला कंटाळून?" जान्हवी म्हणाली.

"हसा. मी तवा उरवड्याच्या एका कारखान्यात गेटवर रखवालीला व्हतो. निम्मं मी बघितलंय, निम्मं त्यानं सांगितलंय."

मग त्यांनी सांगितलं ते असं.

तारीख चौदा नोव्हेंबर दोन हजार चोवीस, गुरुवार. कारखान्याला सुट्टी. निषाद रात्री दहाला मोटारसायकलवरून आला, गेटवर चहा प्यायला आणि सर्व्हरच्या खोलीत गेला. तिथे चार सर्व्हर होते. त्यांच्या पोटात मिळून वीसेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतले कॉम्प्युटर, चालायची. एक हजेरी ठेवायचं, एक मालाच्या गाड्यांचं बघायचं, एक त्या खोलीचं दार आणि एसी सांभाळायचं. एका सर्व्हरवर ताण आला की त्याच्यावरची मशीन दुसऱ्यावर हलवावी लागत. आजवर हे माणूस बसून करायचा. आता ते आपोआप व्हावं, अशी मांडणी निषादला करायची होती. त्याची नोकरी पक्की होणं या एका रात्रीवर होतं. लग्न ठरलं होतं त्याचं.

आधी हे काम वेदांत करायचा. एप्रिलमध्ये तो त्याच खोलीत वारला. रात्री दार अडकलं, एसी बंद पडला, सकाळी सापडला.

"हार्टफेल म्हणाले सायेब," हैबतराव म्हणाले. "आमी उचलला त्याला. दाराला आतनं पाठ लावून बसला व्हता."

वेदांत गेला, पण कॉम्प्युटरवरचं त्याचं खातं कुणी बंद केलं नाही. सगळे त्याच्याच पासवर्डने काम उरकायचे. निषादनेही घाईत तेच केलं. नवी मांडणी त्याने वेदांतच्या खात्यातून लावली. एकच्या सुमारास ती चालू झाली. चाचणी म्हणून त्याने तीन नंबरच्या सर्व्हरला रिकामं व्हायला सांगितलं. मशीन एकामागून एक दुसरीकडे निघाली. पडद्यावरचा उरलेल्या मशीनचा आकडा उतरू लागला. सहा. पाच. चार.

निषादला हायसं वाटलं. मेलेल्या माणसाचं नाव असं वापरणं त्याला संध्याकाळपासून टोचत होतं. आता सगळं आपोआप चाललंय, मग ते कशाला ठेवायचं? त्याने वेदांतचं खातं बंद केलं. उठला, आणि आकड्याकडे न बघताच तीन नंबर बंद करायचं बटण दाबलं.

त्या सर्व्हरचे पंखे थांबले. मग एसी थांबला.

त्याने वळून पडद्याकडे पाहिलं. आकडा एकवर अडकला होता. ज्या खात्यातून काम चाललं होतं, तेच त्याने मध्येच बंद केलं होतं. मागे राहिलेलं मशीन दाराचं होतं.

त्याने दाराला कार्ड लावलं. दिवा लागला नाही. तीन नंबरचं बटण पुन्हा दाबलं. काही नाही. पडद्यावर हुकूम देऊन पाहिला. उत्तर आलं, 'हे काम वेदांतच्या नावावर आहे. तुम्हाला परवानगी नाही.'

फोनला रेंज नव्हती. त्याने दारावर मुठी आपटल्या, हाका मारल्या. गेट लांब. बाकीचे तीन सर्व्हर तापत होते. भिंतीवरचं तापमान अडतीस झालं. मग बेचाळीस. घाम डोळ्यांत उतरत होता. तो दाराला पाठ लावून खाली बसला.

आणि त्याला आठवलं, इथे असं कोण बसलं होतं.

तो झटकन उठला. कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.

टक.

टक... टक.

खुर्ची रिकामी होती. कीबोर्डवरची एक कळ खाली गेली. वर आली. मग दुसरी.

"कोण...?"

टक.

पडद्यावर एक ओळ उमटली. दाराचं मशीन, तीनवरून एकवर. हलवणारा, वेदांत. वेळ, दोन सत्तेचाळीस.

दार खट्‌कन सुटलं.

हैबतराव थांबले.

"गेटवर आला तवा घामानं निथळत व्हता. पाणी पाजलं. मग बोलला."

"काय बोलला?" रोहितने विचारलं.

"म्हणाला, काका, ते दार आपोआप लागतं. सोडलं की आपटतं. आज माझ्यामागं आपटलं नाही. कुणीतरी... धरून ठेवलं होतं."

"मग?"

"मग काय. गेटची वही माझ्याच मांडीवर व्हती. त्याची सही घेतली, दोन पन्नास लिहिलं, वही मिटली. रातभर खाली ठिवली न्हाई. सकाळी दुसऱ्या गड्याच्या हाती द्यायला उघडली..."

जान्हवीने रोहितचा हात धरला.

"निषादच्या खाली आणिक एक सही व्हती. दोन वर्सं रोज बघितल्याली सही, मी चुकायचा न्हाई. वेदांतची. बाहेर पडल्याची येळ, दोन एक्कावन्न. आत आल्याची येळ..."

हैबतरावांनी चटईवर बोट टेकवलं.

"...तो रकाना कोरा व्हता."